बाहेरच्यांना फक्त फाइल टाकू द्यायची असेल तर शेल देऊच नका: एसएफटीपी खातं उघडण्याची पद्धत

वागळे इस्टेटमधला छापखाना असो, महापेतली छोटी सॉफ्टवेअर कंपनी असो, नाहीतर बेलापूरमधलं कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस, एक गरज सगळीकडे येतेच. बाहेरच्या कुणीतरी आपल्या लिनक्स सर्व्हरवर फाइल ठेवायची असते किंवा उचलायची असते. डिझायनर पीडीएफ पाठवतो, ट्रान्सपोर्टवाला रोजची यादी टाकतो, सीएच्या ऑफिसातून बॅकअप उचलला जातो. या माणसाने तेवढंच काम करावं, सर्व्हरवर इकडेतिकडे हिंडू नये, अशी आपली अपेक्षा असते.

ठाणे-नवी मुंबईतल्या अशा कंपन्यांचे सर्व्हर मी सांभाळते. नव्याने हे काम अंगावर आलेली मुलं-मुली बहुतेक वेळा एकाच रस्त्याने जातात: खातं उघडायचं, नेहमीचा शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) काढून ‘मर्यादित’ शेल लावायचा आणि काम झालं असं समजायचं. तो रस्ता धोक्याचा आहे. म्हणून हा लेख.

एक सूचना. इथे आज्ञांची आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. नेमकं स्पेलिंग पाहण्यासाठी ‘एसएसएचडी_कॉन्फिग’चं मॅन पेज (लिनक्समधलं माहितीचं पान) शेजारच्या खिडकीत उघडून ठेवा. तसंही हे काम करताना ते उघडं असायलाच हवं.

आधी हे जमवा

- सर्व्हरवर रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) अधिकार, आणि एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) तुटलं तर आत शिरायचा दुसरा मार्ग: क्लाउड कंपनीचं वेब कन्सोल, किंवा मशीन ऑफिसातच असेल तर कीबोर्ड-मॉनिटर.
- ओपनएसएसएचची (एसएसएचची सोय पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती. उबंटू २२.०४ मध्ये ८.९, डेबियन १२ मध्ये ९.२ असते. लिनक्स वितरणं सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच भरतात, त्यामुळे आकडा जुना दिसला तरी घाबरू नका. अपडेट मात्र चालू ठेवा.
- बाहेरच्या प्रत्येकाची नोंद: नाव, काम, फक्त टाकणार की उचलणारही, आणि काम कधी संपणार.
- प्रत्येकाची सार्वजनिक किल्ली: पासवर्डऐवजी वापरायच्या जोडीतली सर्व्हरवर ठेवायची फाइल. जोडीतली खाजगी किल्ली ज्याची त्याच्याकडेच राहते.
- आलेल्या फाइलींसाठी वेगळं विभाजन किंवा डिस्क. मूळ विभाजनावरच फाइली येऊ दिल्या तर कुणीतरी चढवलेला एक मोठा व्हिडिओ सगळा सर्व्हर बंद पाडू शकतो.
- चालू कॉन्फिग फाइलची प्रत.

१. समोरच्याला नक्की काय लागतं ते विचारा

‘आम्हाला एसएसएच द्या’ असं समोरून सांगतात, पण दहातल्या नऊ जणांना एसएफटीपी (एसएसएचवरूनच, पण फक्त फाइलींची देवाणघेवाण) पुरतं. विंडोजवर विनएससीपी आणि फाइलझिला दोन्ही एसएफटीपी बोलतात. ‘आमच्या स्क्रिप्टमध्ये एससीपी (एसएसएचवरून फाइल नेण्याची जुनी आज्ञा) आहे’ हे कारणही आता तितकंसं उरलेलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपीची आज्ञाच आतून एसएफटीपी वापरते. जुनी पद्धत हवी असेल तर कॅपिटल ‘ओ’चा स्विच मुद्दाम द्यावा लागतो. ओपनएसएसएचच्या लोकांनी २०१९ मध्येच जुनी एससीपी पद्धत कालबाह्य असून ती नीट दुरुस्त होण्यासारखी नाही, असं सांगितलं होतं.

आरसिंक (दोन मशीनवरची फोल्डरं जुळवून ठेवणारा प्रोग्राम) खरोखर लागत असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो. तो आठव्या पायरीत आहे.

२. मर्यादित शेलचा नाद सोडा

ही पायरी घाईत वाचू नका. पुढचं सगळं का करायचं ते इथे आहे.

आर-बॅश म्हणजे लिनक्सवरच्या बॅश या नेहमीच्या शेलचंच बांधलेलं रूप. त्यात ‘सीडी’ चालत नाही, ‘पाथ’ (आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) बदलता येत नाही, तिरकी रेघ असलेली आज्ञा देता येत नाही, आउटपुट फाइलमध्ये वळवता येत नाही. कागदावर भक्कम वाटतं. पण त्या शेलमधून चालणारे प्रोग्राम या बंधनात नसतात. व्हीआय हा एडिटर उघडा, त्याच्या आतून शेलचा मार्ग बदला, पूर्ण बॅश हातात येतो. लेस, ऑक, फाइंड यांच्यातूनही बाहेर पडता येतं.

हे बंद केलं तरी आणखी दोन वाटा उरतात. बॅशच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ही बंधनं सुरुवातीच्या फाइली वाचून झाल्यावर लागू होतात. खातेदाराला स्वतःच्या होम फोल्डरमध्ये फाइल चढवायची परवानगी तर आपणच दिलेली असते. त्याने स्वतःची ‘बॅशआरसी’ चढवली की बंधन लागण्याआधीच त्याच्या आज्ञा चालून जातात. दुसरी वाट ‘पाथ’ची. अनेक जण प्रोफाइल फाइलमध्ये ‘पाथ’ मर्यादित करतात, पण एसएसएचला जोडूनच आज्ञा दिली की लॉगिन शेल सुरू होत नाही आणि ती प्रोफाइल वाचलीच जात नाही. सरळ ‘बॅश’ एवढीच आज्ञा दिली तरी काम होतं.

मग ‘फक्त फाइलींसाठी’ बनवलेले शेल आले: एससीपीओन्ली आणि आरएसएसएच. आलेली आज्ञा तपासायची, एससीपी किंवा आरसिंक असेल तरच पुढे जाऊ द्यायची, अशी त्यांची कल्पना. गोची अशी की एससीपी आणि आरसिंक हे स्वतःच दुसरे प्रोग्राम चालवू शकतात. आरसिंकला ‘ई’ पर्यायातून कोणता रिमोट शेल वापरायचा ते सांगता येतं. तिथे हवा तो प्रोग्राम द्या. आरएसएसएचमध्ये ही फट २०१२ मध्ये सापडली आणि बुजवली. २०१९ मध्ये एससीपीच्या पर्यायांतून दुसरी निघाली (सीव्हीई-२०१९-१००००१८; सीव्हीई म्हणजे सापडलेल्या सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक), आणि पाठोपाठ आरसिंकच्या बाजूने आणखी दोन. एससीपीओन्लीची २००७ सालची दुखणीही याच जातीची होती.

‘मीच एक स्क्रिप्ट लिहितो, आज्ञा एससीपीने सुरू होते का तेवढं बघतो’ असं मनात येत असेल तर थांबा. सीव्हीई-२०२०-१५७७८ याच गोष्टीबद्दल आहे: जुन्या एससीपीत फाइलच्या नावातच उलटी अवतरणचिन्हं घालून समोरच्या मशीनवर आज्ञा चालवता येते, कारण ते नाव तिथल्या शेलमधून जातं. गिटबरोबर येणारा गिट-शेल तर जाणकारांनी जपून लिहिलेला. तरी २०१७ मध्ये (सीव्हीई-२०१७-८३८६) त्यातून मदतीचं पान उघडून, ते दाखवणाऱ्या लेसमधून बाहेर पडता येत होतं.

तुर्भ्याच्या एका गोदामाच्या सर्व्हरवर मला आर-बॅश लावलेली खाती मिळाली. आधीच्या माणसाने ती मनापासून, काळजीने बांधली होती. तरीही व्हीआयमधून पूर्ण शेल मिळत होता. दोष त्याच्या मेहनतीत नव्हता, पद्धतीत होता. पार्सल घ्यायला वॉचमनच्या केबिनची खिडकी पुरते, त्यासाठी कुणाला घराची किल्ली द्यावी लागत नाही. ओपनएसएसएचमध्ये अशी खिडकी आहे. तिचं नाव इंटर्नल-एसएफटीपी. ती एसएसएचडीच्या (ओपनएसएसएचच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागाच्या) आतच चालते, तिला शेल लागतच नाही, त्यामुळे शेलमधून निसटण्याचा प्रश्नच येत नाही.

३. गट आणि खातं तयार करा

‘एसएफटीपीयुजर्स’ नावाचा गट बनवा. प्रत्येक व्यक्तीला किंवा कंपनीला वेगळं खातं द्या आणि ते या गटात घाला. शेल म्हणून ‘नोलॉगिन’ (लॉगिनच नाकारणारा प्रोग्राम) लावा. पासवर्ड ठेवू नका.

दोन पार्ट्यांना मिळून एक खातं देऊ नका, समोरचे कितीही आग्रह करोत. फाइल कुणी पुसली हे नंतर कधीच कळत नाही, आणि एकाला बंद करायचं तर दोघं बंद होतात.

४. कोंडलेलं फोल्डर: सीएच-रूट

इंटर्नल-एसएफटीपी एकट्याने पुरेसं नाही. खातेदार सर्व्हरवर जे जे वाचता येतं ते सगळं पाहू शकतो. ओपनएसएसएच ६.६ आणि त्याआधी तर ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या मेमरीच्या फाइलीत लिहून आज्ञाही चालवता येत होत्या. ६.७ मध्ये ते रोखलं गेलं. म्हणून खातेदाराला सीएच-रूटने त्याच्याच फोल्डरमध्ये कोंडायचं.

रचना अशी ठेवा: ‘/एसआरव्ही/एसएफटीपी/खात्याचं नाव’ हा कोंडवाड्याचा माथा, आणि त्याच्या आत ‘आवक’ नावाचं फोल्डर (नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत द्या). माथा रूटच्या मालकीचा, परवानगी ७५५ (लिहिता फक्त मालकाला येतं). आतलं फोल्डर खातेदाराच्या मालकीचं. ऑफिसातल्या लोकांनी फाइली वाचायच्या असतील तर आतल्या फोल्डरचा गट ऑफिसचा ठेवून परवानगी २७७० द्या, म्हणजे नव्या फाइलींना तोच गट लागतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. माथ्यापासून थेट मूळ तिरक्या रेघेपर्यंत, वाटेतलं प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीचं हवं आणि दुसऱ्या कुणालाही, गटालासुद्धा, त्यात लिहिता येता कामा नये. एका जरी फोल्डरला गटाचं लिहिण्याचं बिट लागलं असेल तर एसएसएचडी जोडणी तोडतो. खातेदाराला दिसतं ते एवढंच: किल्ली मान्य झाली आणि लगेच जोडणी तुटली. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. सीएच-रूट फोल्डरची मालकी किंवा परवानगी चुकीची आहे, असा संदेश तिथे येतो.

अशा वेळी हात आपोआप ‘७७७’कडे जातो. त्याने परिस्थिती आणखी बिघडते, कारण तक्रार परवानगी जास्त असल्याची आहे, कमी असल्याची नाही. ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ पर्यायासह त्या मार्गावर चालवा. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची मालकी एकाखाली एक दिसते आणि चुकलेलं लगेच सापडतं. हा नियम जाचक वाटतो, पण त्याला कारण आहे: माथ्यावर लिहिता आलं तर तिथे स्वतःचं ‘ईटीसी’ किंवा ‘लिब’ फोल्डर बनवून जास्त अधिकाराच्या प्रोग्रामला फसवता येतं.

कोंडवाड्याबाहेरचं फोल्डर आत दाखवायचं असेल तर सिम्लिंक (दुसऱ्या मार्गाकडे नुसतं बोट दाखवणारी फाइल) चालणार नाही, कारण आतून पाहिलं की तो मार्ग अस्तित्वातच नसतो. बाइंड माउंट करा, म्हणजे तेच फोल्डर आतल्या जागीही जोडा. आणि आवकेच्या विभाजनाला ‘नोएसयूआयडी’, ‘नोडेव्ह’, ‘नोएक्झेक’ हे तिन्ही माउंट पर्याय लावा.

५. एसएसएचडीची कॉन्फिग

मूळ ‘सबसिस्टिम एसएफटीपी’ची ओळ बदलून तिथे ‘इंटर्नल-एसएफटीपी’ लिहा. जुन्या ओळीखाली दुसरी ओळ घालू नका. मग फाइलच्या अगदी शेवटी ‘मॅच ग्रुप एसएफटीपीयुजर्स’चा भाग सुरू करा. शेवटी का, तर मॅचचा भाग पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालू राहतो. मध्ये घातलात तर त्याखालची सगळी सेटिंग फक्त याच गटाला लागतात. या भागात:

- सीएचरूट-डिरेक्टरी: ‘/एसआरव्ही/एसएफटीपी/’ आणि पुढे टक्का-यू. टक्का-यूच्या जागी खात्याचं नाव आपोआप येतं.
- फोर्स-कमांड: ‘इंटर्नल-एसएफटीपी’, सोबत लॉगसाठी ‘एल’ पर्यायात ‘इन्फो’, सुरुवातीचं फोल्डर म्हणून ‘डी’ पर्यायात ‘/आवक’, आणि २७७० वापरलं असेल तर ‘यू’ पर्यायात उमास्क (नव्या फाइलींवरच्या कोणत्या परवानग्या काढायच्या तो आकडा) ०००७. फक्त फाइली उचलणाऱ्यांसाठी कॅपिटल ‘आर’ लावा, म्हणजे काहीच लिहिता येणार नाही. हे पर्याय सबसिस्टिमच्या ओळीवर लिहून उपयोग नाही. फोर्स-कमांड आली की तीच चालते.
- अलाऊ-टीसीपी-फॉरवर्डिंग: नो.
- अलाऊ-स्ट्रीमलोकल-फॉरवर्डिंग, अलाऊ-एजंट-फॉरवर्डिंग, एक्स११-फॉरवर्डिंग, परमिट-टनेल: सगळे नो.
- परमिट-टीटीवाय, परमिट-युजर-आरसी: नो.
- ऑथेंटिकेशन-मेथड्स: फक्त पब्लिक-की.
- ऑथराइज्ड-कीज-फाइल: पुढची पायरी पाहा.

यातली टीसीपी फॉरवर्डिंगची ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते आणि तीच सगळ्यात महागात पडते. ‘नोलॉगिन’ शेल आणि फोर्स-कमांड दोन्ही लावूनसुद्धा खातेदार शेल न मागता, कॅपिटल ‘एन’च्या स्विचने, फक्त बोगदा (एसएसएचच्या जोडणीतून दुसऱ्या मशीनकडे किंवा पोर्टकडे जाणारी वाट) उघडू शकतो. त्या बोगद्यातून तो तुमच्या सर्व्हरवरच्या मायएसक्यूएलपर्यंत, ऑफिसातल्या टॅलीच्या मशीनपर्यंत, राउटरच्या पानापर्यंत पोचतो. फायरवॉलला वाटतं की विचारणा आतूनच आली.

‘डिसेबल-फॉरवर्डिंग’ ही एकच ओळ सगळं बंद करते, असं वाचायला मिळेल. ती घालाच, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. ओपनएसएसएच १०.० च्या आधी ती एक्स११ आणि एजंट फॉरवर्डिंग बंद करत नव्हती (सीव्हीई-२०२५-३२७२८). म्हणून वरच्या ओळी वेगवेगळ्या लिहायच्या.

युजर-आरसीची ओळ किरकोळ वाटेल. पण २००८ मध्ये ओपनएसएसएच ४.९ येईपर्यंत, स्वतःची ‘आरसी’ फाइल चढवून फोर्स-कमांड चुकवता येत होती. ती सवय आपण ठेवलेली बरी.

६. किल्ल्या कुठे ठेवायच्या

किल्ल्यांची फाइल खातेदाराच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नका. ज्याला तिथे लिहिता येतं तो एसएफटीपीनेच ती फाइल बदलतो, आणि किल्लीच्या ओळीवर तुम्ही लावलेली बंधनं त्याच क्षणी पुसली जातात. ‘/ईटीसी/एसएसएच/ऑथराइज्ड_कीज/’ असं फोल्डर करा, त्यात प्रत्येक खात्याच्या नावाची एक फाइल ठेवा आणि ऑथराइज्ड-कीज-फाइलच्या ओळीत तो मार्ग टक्का-यूसह द्या. मालकी रूटची, फोल्डरला ७५५, फाइलला ६४४. सुरक्षेच्या उत्साहात ६०० केलंत तर लॉगिन बंद पडेल, कारण एसएसएचडी ही फाइल त्या खातेदाराच्या अधिकारात वाचतो. सार्वजनिक किल्ली कुणी वाचली तरी बिघडत नाही.

प्रत्येक किल्लीच्या आधी ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द लिहा (आवृत्ती ७.२ पासून चालतो). काम ठरावीक मुदतीचं असेल तर ‘एक्स्पायरी-टाइम’मध्ये तारीख द्या (७.७ पासून). त्या दिवशी किल्ली आपोआप निरुपयोगी होते, कुणी लक्षात ठेवायची गरज राहत नाही. ‘फ्रॉम’ने आयपीचं बंधन फक्त स्थिर आयपी असलेल्या ऑफिसांना लावा. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलतो आणि मग रात्री अकराला तुम्हाला फोन येतो.

किल्ली मागवताना दोन गोष्टी आधीच स्पष्ट सांगा. खाजगी किल्ली पाठवायची नाही. बरेच जण दोन्ही फाइली व्हॉट्सअॅपवर टाकतात. तसं झालं तर ती जोडी रद्द धरा आणि नवी मागवा, कितीही अवघड वाटलं तरी. आणि पुट्टीजेन वापरणाऱ्यांनी खिडकीत वरच्या चौकटीत दिसणारी एकसलग ओळ कॉपी करून द्यायची. ‘सेव्ह पब्लिक की’ने होणारी फाइल अनेक ओळींची असते आणि इथे जशीच्या तशी चालत नाही.

७. चालू करण्याआधी आणि नंतर तपासा

चालू असलेलं रूटचं सत्र बंद करू नका. आधी एसएसएचडी लहान ‘टी’ स्विचने चालवून फाइलमधल्या चुका पाहा. मग कॅपिटल ‘टी’ आणि कॅपिटल ‘सी’ लावून त्या खात्याचं नाव द्या. त्या खात्याला प्रत्यक्षात कोणती सेटिंग लागणार ती सगळी यादी समोर येते. मॅचचा भाग चुकीच्या जागी पडला असेल तर इथेच कळतं. नंतर सेवा रीलोड करा. डेबियन-उबंटूवर तिचं नाव ‘एसएसएच’, रेड हॅटच्या कुटुंबात ‘एसएसएचडी’.

आता दुसऱ्या मशीनवरून, शक्यतो मोबाइलच्या इंटरनेटवरून, त्या खात्याने:

- एसएफटीपीने फाइल चढवा आणि उतरवा. जमलं पाहिजे.
- साधं एसएसएच करा. ही सेवा फक्त एसएफटीपी जोडण्यांसाठी आहे, असा इंग्रजी संदेश येऊन जोडणी सुटली पाहिजे.
- एसएसएचला जोडून ‘आयडी’ आज्ञा द्या. तोच संदेश यायला हवा.
- मायएसक्यूएलच्या ३३०६ पोर्टकडे बोगदा काढून पाहा. किल्ली मान्य होईल, पण बोगद्यातून काहीच जाता कामा नये.
- जुन्या पद्धतीने, कॅपिटल ‘ओ’ लावून एससीपी करा. चाललं नाही पाहिजे.
- ‘ईटीसी’मधली पासवर्ड फाइल उतरवायचा प्रयत्न करा. तिथे ‘ईटीसी’च नसेल.

बोगद्याची चाचणी वगळू नका. फाइल चढली की आनंदात बाकीचं राहून जातं.

८. आरसिंक हवंच असेल तर

आधी एलएफटीपीचं ‘मिरर’ किंवा आरक्लोन सुचवा. दोन्ही एसएफटीपीवरून फोल्डर जुळवून ठेवतात आणि बहुतेकांचं काम तेवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर आरसिंकसोबत येणारी, त्याला एका फोल्डरपुरतं बांधणारी ‘आर-आरसिंक’ स्क्रिप्ट वापरा: वेगळं खातं, वेगळा गट, किल्लीच्या ओळीत ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड’, सोबत फक्त वाचण्याचा किंवा फक्त लिहिण्याचा पर्याय. या खात्याला ‘नोलॉगिन’ चालणार नाही, कारण एसएसएचडी ती आज्ञा खात्याच्या शेलमधूनच चालवतो. म्हणजे दुसऱ्या पायरीतला धोका इथे थोडाफार परत येतो. म्हणून हे खातं मुख्य सर्व्हरवर न ठेवता वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर ठेवा.

९. लॉग आणि खातं बंद करणं

फोर्स-कमांडमध्ये ‘इन्फो’ लावल्यावर कोणती फाइल कुणी उघडली, पुसली, नाव बदललं हे जर्नलमध्ये (लिनक्सच्या लॉगमध्ये) दिसतं. त्या ओळी येत नसतील तर कोंडवाड्याच्या आत ‘/डेव्ह/लॉग’ उपलब्ध करून द्यावा लागतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. जर्नल जागा भरली की जुन्या नोंदी काढून टाकतं, तेव्हा लॉगची प्रत दुसऱ्या मशीनवर जाईल अशी सोय आजच करा.

काम संपलेल्याची किल्ली काढणं पुरेसं नाही. किल्ली फक्त आत येताना तपासली जाते, आधीच उघडलेलं सत्र तसंच चालू राहतं. आधी ‘युजरमॉड’ने खात्याची मुदत संपवा, मग किल्लीची फाइल हलवा, आणि शेवटी ‘पीकिल’ला कॅपिटल ‘यू’ आणि खात्याचं नाव देऊन त्याच्या चालू प्रक्रिया बंद करा. आवक फोल्डरमधल्या फाइली ऑफिसातल्या कुणाच्या तरी नावावर केल्यानंतरच खातं पुसा, नाहीतर त्यांच्या मालकाच्या जागी नुसता एक आकडा उरतो. तोच आकडा पुढच्या नव्या खात्याला मिळाला तर त्या फाइलीही त्याच्याच होतात.